अमेरिकन कॉलेज फुटबॉल टीमचा नवा रिक्रूटिंग क्लास चांगला आहे की नाही, हे नवख्याने कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की टेक्सास ए अँड एमला एमएससाठी येऊन तुम्हाला एकच सेमिस्टर झालंय, डिसेंबरमध्ये लॅबमधले सगळे 'आपला क्लास देशात कितवा' यावरून हिरिरीने भांडत होते, आणि त्या क्रमांकावरून नक्की काय समजायचं ते तुम्हाला कळलं नाही. मी तिथेच शिकले, आता ह्यूस्टनला असते आणि दर वर्षी या याद्या नावानिशी वाचते. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

सुरुवात त्या क्रमांकापासूनच करू. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातली मुलं कॉलेज ठरवतात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सह्या करतात. एका कॉलेजसाठी एका वर्षी सह्या केलेली ही सगळी मुलं म्हणजे त्या कॉलेजचा 'क्लास'. पूर्वी हा सोहळा फेब्रुवारीत असायचा. 2017 पासून डिसेंबरची मुदत आली आणि आता बहुतेक सह्या तेव्हाच उरकतात. सहीआधी मुलाने दिलेला शब्द हा नुसता शब्दच असतो, आदल्या रात्रीही फिरतो. या मुलांना 247स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन अशा संस्था दोन ते पाच तारे देतात. 247स्पोर्ट्स पाच तारे साधारण 32 जणांनाच देते, कारण एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक लीग दर वर्षी कॉलेजचे खेळाडू निवडते त्या निवडीच्या, पहिल्या फेरीत 32 जणांची निवड होते. म्हणजे पाच तारे हे एक भाकीत आहे: हा मुलगा तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत जाईल. सगळ्या संस्थांचे गुण एकत्र करून 'कंपोझिट' काढतात आणि त्यावरून टीमचा क्रमांक लागतो. त्या हिशेबात वरच्या मुलांना जास्त वजन असतं, शेवटच्या काही जणांना जवळपास शून्य. तरीही 28 मुलं घेणारं कॉलेज 17 घेणाऱ्याच्या पुढे सहज जातं, म्हणून क्रमांकाशेजारी जी सरासरी छापलेली असते ती आधी बघा. आणि आपली लढत कोणाशी आहे तेही बघा. ए अँड एम एसईसी या तगड्या लीगमध्ये खेळतं. तिथे देशात दहावा आलेला क्लास स्वतःच्या लीगमध्ये सहावा-सातवाही असू शकतो.

तारे म्हणजे थोतांड, असं तुम्हाला लॅबमध्ये कोणीतरी नक्की सांगेल. ते खरं नाही. बड एलियट या पत्रकाराने मांडलेला 'ब्लू-चिप रेशो' बघा: मागच्या चार क्लासमधली निम्म्याहून जास्त मुलं चार किंवा पाच ताऱ्यांची असल्याशिवाय राष्ट्रीय विजेतेपद मिळत नाही. हा ठोकताळा वर्षानुवर्षं टिकला. 2022 च्या हंगामात टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) त्या पात्रतेशिवाय अंतिम सामन्यापर्यंत पोचलं आणि तिथे जॉर्जियाने त्यांना 65-7 असं चिरडलं. जॉर्जियाच्या बाकावर बसलेली मुलंही दुसरीकडे पहिल्या अकरात खेळली असती. म्हणून माझं मत असं की तारे एका मुलाबद्दल फार खात्रीने बोलत नाहीत, पण शंभर मुलांबद्दल बरोबर बोलतात.

आता तुमच्याच कॉलेजचा 2022 चा क्लास घ्या. या विषयाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. कंपोझिटच्या इतिहासात तोवर कुठल्याही क्लासला मिळाले नव्हते इतके गुण त्याला मिळाले. पाच ताऱ्यांची आठ मुलं! वॉल्टर नोलन, शेमार स्टुअर्ट, एलटी ओव्हर्टन, गेब्रियल ब्राउनलो-डिंडी असे बचावफळीचे एकाहून एक लाइनमन (अगदी पुढे समोरासमोर भिडणारे धिप्पाड खेळाडू), वाइड रिसीव्हर म्हणजे पास झेलणारा इव्हन स्टुअर्ट, क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकणारा कॉनर वाइगमन. ती यादी बघून आम्ही हरखून गेलो होतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टीम घरच्या मैदानावर, काइल फील्डच्या लाखभर प्रेक्षकांसमोर, अॅपलाचियन स्टेटकडून 14-17 हरली आणि हंगाम 5 विजय, 7 पराभवांवर संपला. नोव्हेंबर 2023 मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं, तेही करारापोटी सात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं पत्करून. 2024 चा हंगाम सुरू होईपर्यंत त्या आठांतले निम्म्याहून जास्त दुसऱ्या कॉलेजांत गेले होते: नोलन ओल मिसला (म्हणजे मिसिसिपी युनिव्हर्सिटीला), इव्हन स्टुअर्ट ओरेगनला, ओव्हर्टन अलाबामाला. 2025 च्या ड्राफ्टमध्ये नोलन सोळावा आणि शेमार स्टुअर्ट सतरावा निवडला गेला. लागोपाठ दोन नावं, दोन्ही आपल्या क्लासची, पण एकाच्या नावापुढे ओल मिस. ते ऐकताना मला फार वाईट वाटलं.

म्हणजे तारे देणारे चुकले होते का? नोलन आणि शेमार स्टुअर्टच्या बाबतीत तर मुळीच नाही, दोघंही पहिल्या फेरीतच गेले. फसली ती क्लासची रचना आणि त्यानंतरची जोपासना. एकाच फळीत एकाच वर्षी इतकी मोठी नावं आणली की सगळ्यांना खेळायला मिळणं अवघड, आणि बाहेर दुसरी कॉलेजं पायघड्या घालून उभी. शेमार स्टुअर्ट तिन्ही वर्षं टिकला, पण त्याचे सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) एकूण साडेचार. शरीर, वेग सगळं दिसत होतं, सामन्यात मात्र हाती फारसं लागलं नाही.

याच्या उलट 2011 बघा. तो क्लास फारसा गाजला नव्हता. त्यात केरव्हिल गावचा तीन ताऱ्यांचा क्वार्टरबॅक जॉनी मँझेल होता आणि गॅल्व्हस्टनचा माइक इव्हान्स. इव्हान्स मुळात बास्केटबॉलचा. हायस्कूलमध्ये त्याने फुटबॉलचा एकच हंगाम खेळला होता. पहिलं वर्ष दोघंही रेडशर्ट होते, म्हणजे सराव करायचा, सामने नाहीत, आणि पात्रतेचं वर्ष शिल्लक राहतं. 2012 मध्ये टीमने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर 29-24 हरवलं आणि मँझेल हाइजमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, जिंकणारा पहिला फ्रेशमन (पात्रतेच्या पहिल्या वर्षातला खेळाडू) ठरला. इव्हान्सने पुढे एनएफएलमध्ये पहिल्या अकराही हंगामांत पास झेलून हजारावर यार्ड काढले.

ही गोष्ट सांगताना लोक इथेच थांबतात, 'बघा, तीन तारे!' म्हणतात. मला त्यातला 2010 चा क्लास जास्त महत्त्वाचा वाटतो. मँझेलला पळायला, थांबायला, पुन्हा पळायला जो वेळ मिळत होता तो त्याच्या पुढच्या लाइनमुळे. ल्यूक जोकेल, जेक मॅथ्यूज, सेड्रिक ओग्बुएही हे तिघंही 2010 मध्ये सही केलेले, तिघंही पुढे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले: जोकेल दुसरा, मॅथ्यूज सहावा, ओग्बुएही एकविसावा. 2010 च्या फेब्रुवारीत, त्यांनी सह्या केल्या तेव्हा, कोणी ऑफेन्सिव्ह लाइनच्या (आक्रमणाच्या लाइनच्या) नावाने ढोल वाजवत नव्हतं. म्हणून नवा क्लास आला की मी आधी रिसीव्हर नाही, लाइनमन मोजते. आक्रमणाच्या लाइनमध्ये पाच जण लागतात, जखमा होतात, मुलं जातात. दर वर्षी तीन-चार चांगले आले नाहीत तर त्याची फळं दोन वर्षांनी भोगावी लागतात. आणि क्वार्टरबॅक दर वर्षी एक तरी हवाच, कारण मैदानात एकच उभा राहतो आणि बाकीचे थांबत नाहीत. वाइगमनचंच बघा: 2023 मध्ये पायाची दुखापत, 2024 मध्ये जागा मार्सेल रीडकडे, मग वाइगमन ह्यूस्टन युनिव्हर्सिटीत.

आयपीएलच्या लिलावात आपण तयार खेळाडू बघतो. इथे सतरा वर्षांचा मुलगा असतो, आणि तो लाइनमन असेल तर अजून पंधरा-वीस किलो वजन कमावणार असतो. त्यामुळे प्रत्येक जागेचा हिशेब वेगळा. रिसीव्हर, रनिंग बॅक, कॉर्नरबॅक पहिल्या वर्षी चमकू शकतात. लाइनमनचा निकाल बहुधा तिसऱ्या वर्षी लागतो. जोकेल आणि मॅथ्यूज पहिल्याच वर्षी खेळले, पण तसे विरळा.

मुलाचा व्हिडिओ बघायचा असेल तर हडल या वेबसाइटवर मिळतो, पण तिथे त्याचे निवडक डावच असतात. जमेल तेव्हा पूर्ण सामना बघा आणि चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते पाहा. दुसरा कुठला खेळ खेळतो, हेही मी आवर्जून शोधते. 100 मीटरची अधिकृत वेळ खोटं बोलत नाही. शिबिरात कोणीतरी हाताने घड्याळ दाबून काढलेली 40 यार्डांची वेळ बोलू शकते. जाडजूड मुलगा कुस्ती किंवा थाळीफेक करत असेल तर त्याला तोल सांभाळता येतो. आणि त्याच्यामागे आणखी कोण होतं? तीन ताऱ्यांच्या मुलासाठी जॉर्जिया आणि अलाबामा शेवटच्या आठवड्यापर्यंत झटत असतील, तर मी त्यांच्या प्रशिक्षकांवर जास्त विश्वास ठेवते. नुसत्या ऑफरच्या आकड्यावर मात्र जाऊ नका, काही कॉलेजं त्या शेकड्यांनी वाटतात.

आकड्यांत न मावणारंही काही असतं. टेंपल गावचा लाइनबॅकर टॉरियन यॉर्क 2023 च्या क्लासमध्ये आला, तीन तारे, उंची सहा फुटांच्या आत. पहिल्याच वर्षी तो सुरुवातीच्या अकरात खेळला आणि नंतर कर्णधार झाला. समोरच्याचा डाव सुरू होण्याआधी त्याला कळलेला असतो. हे ओळखायला त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाशी बोलावं लागतं, ते काम आपण घरी बसून करू शकत नाही, पण आपले प्रशिक्षक ते करतात का हे दोन-तीन वर्षांत दिसतं.

आता मोठा बदल. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, 2021 च्या जुलैपासून मुलांना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, 2024 पासून कितीही वेळा कॉलेज बदललं तरी लगेच खेळता येतं. 2025-26 पासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देतात, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत मुभा होती, सगळ्या खेळांना मिळून. हायस्कूलचा क्लास त्यामुळे निम्मीच गोष्ट सांगतो. इंडियानाने 2025 च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने जिंकून विजेतेपद घेतलं आणि ब्लू-चिपचा ठोकताळा मोडला. त्यांचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीहून येताना तिथले बरेच खेळाडू घेऊन आले होते आणि क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलहून (कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी, बर्कली) आला होता. तुमच्याकडेही त्याच हंगामात टीमने पहिले अकरा सामने सलग जिंकले. त्यात बचावाचा म्होरक्या कॅशियस हॉवेल बोलिंग ग्रीनहून आलेला, आणि रिसीव्हर केसी कन्सेप्सियोन व मारिओ क्रेव्हर अनुक्रमे एनसी स्टेट आणि मिसिसिपी स्टेटचे. प्रशिक्षक माइक एल्को यांची ही पारख मला क्लासच्या कुठल्याही क्रमांकापेक्षा जास्त धीर देते.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर डिसेंबरची यादी जपून ठेवा आणि जानेवारीत पोर्टलची मुदत संपली की कोण गेलं, कोण आलं ते तिच्यावरच लिहा. मग पुढच्या वर्षी शेवटच्या वर्षातले कोणते लाइनमन बाहेर पडणार आहेत ते बघा आणि त्यांच्या जागांसमोर नवी नावं मांडा. ज्या जागेसमोर नाव सुचणार नाही, तिथे क्लास कमी पडलाय. मग लॅबमध्ये वाद घाला, आणि 2022 चा दाखला कोणी दिला तर त्याला 2010 च्या लाइनबद्दल विचारा.