सोलापुरी चादरींच्या कॅटलॉगमध्ये ‘वेगवेगळे’ला इंग्रजीत काय लिहावं: डिफरंट, व्हेरिअस की असॉर्टेड?

आधी ‘डिफरंट डिफरंट डिझाइन्स’ खोडा. ही आपल्या ‘वेगवेगळ्या’ची द्विरुक्ती, इंग्रजीत शब्द एकदाच पुरतो. जेकार्ड, म्हणजे विणतानाच नक्षी काढलेल्या, चादरींत नक्षीचे बरेच प्रकार आहेत एवढंच सांगायचं तर ‘व्हेरिअस डिझाइन्स’, आणि शेवटचा ‘एस’ हवाच. ‘अ डिफरंट डिझाइन’ म्हणजे आधीच्याहून निराळी, एकच.

खरी गफलत ‘असॉर्टेड’मुळे होते. सहा टॉवेलांच्या पॅकवर ‘असॉर्टेड कलर्स’ लिहिलंत, की रंग मिसळून येणार, निवड गिऱ्हाइकाची नाही. निवडू देणार असाल तर आकडा घाला: ‘अव्हेलेबल इन सिक्स कलर्स’. नाहीतर माल परत आलाच म्हणून समजा. ‘डायव्हर्स’ माणसांना, मतांना, भाषांना शोभतं. टॉवेलांना उगाच भारदस्त. तुलनेत ‘डिफरंट फ्रॉम’ लिहा. ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत चालतं.