बंद पडलेल्या एअरलाईनचं नाव परत उडवायला निघालेल्या मुलास

अरे,

तुझा मोठ्ठा मेसेज वाचला, सोबतचं ऑफर लेटर पण दोनदा वाचलं. खूप आनंद झाला, आधी तेच सांगते. ग्राउंड हँडलिंगमध्ये रात्रपाळ्या करून करून आता कुठे तुला नेटवर्क प्लॅनिंगची, म्हणजे कुठलं विमान कधी कुठे न्यायचं ते ठरवायची, खुर्ची मिळतेय, आणि ती पण अशा कंपनीत जिने एका बंद पडलेल्या एअरलाईनचं नाव घेतलंय आणि ते परत आकाशात न्यायचं म्हणतेय. तू लिहिलंयस की नाव ऐकूनच अंगावर काटा आला. येणारच, तुमच्या पिढीने ती विमानं लहानपणी पाहिलीत, आम्ही तर त्या काळात याच धंद्यात होतो. पण ‘मॅडम, जॉईन करू का?’ असं विचारलंयस, तर सरळ हो किंवा नाही म्हणण्याआधी मला थोडं सविस्तर लिहायचंय, लांबलं तर लांबू दे.

पहिली गोष्ट, त्यांनी नक्की विकत काय घेतलंय ते विचार. लोक म्हणतात एअरलाईन घेतली, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक नुसता ट्रेडमार्क, म्हणजे नाव आणि लोगो. दुसरी अख्खी कंपनी, जुन्या देण्यांसकट, एनसीएलटीतून म्हणजे दिवाळखोरीची प्रकरणं ऐकणाऱ्या कंपनी न्यायाधिकरणातून आलेली. आणि तिसरं म्हणजे उडायचं परमिट, एओसी, जे डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, देतं आणि कंपनी झोपली की ते पण झोपतं. कुठली गोष्ट हातात आहे त्यावर तुझं पुढचं वर्ष कसं जाईल ते ठरणार आहे.

नुसत्या नावाला किती भाव असतो ते किंगफिशर एअरलाईनच्या वेळेला दिसलं. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विमानं थांबली, बँकांकडे ते ब्रँड तारण होते, २०१६ मध्ये लिलाव काढला, राखीव किंमत ३६६.७० कोटी, आणि बोली लावायला एकही माणूस आला नाही. त्याच कर्जातला गोव्यातला कांदोळीचा व्हिला मात्र दुसऱ्या वर्षी विकला गेला. जागेला गिऱ्हाईक मिळालं, नावाला नाही. नाक्यावरच्या बंद पडलेल्या खानावळीची पाटी विकत घेतली तरी आचारी काही पाटीबरोबर येत नाही, तसं आहे हे.

उलटं उदाहरण पण बघ. मोदीलुफ्त १९९६ ला बंद पडली, पुढे २००४ मध्ये नवीन मालकांनी ती जुनी कंपनी घेतली, जुनं नाव टाकून दिलं, आणि २००५ च्या मे महिन्यात स्पाईसजेट म्हणून उडवली. म्हणजे आतलं ठेवलं आणि पाटी बदलली. मला स्वतःला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, पण तुझ्या कंपनीने नावच धरलंय तर त्या नावाबरोबर काय काय येतं ते बघायलाच हवं.

जेट एअरवेजचं प्रकरण तुला वरवर माहीत असेल, मी म्हणेन ते नीट बसून वाच, कारण आपल्याकडे हा प्रयोग त्याहून मोठा झालेला नाही. ५ मे १९९३ ला सुरू झालेली, मुंबईची, एकेकाळी शंभरावर विमानं. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान आलं. जूनमध्ये एनसीएलटी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बँकांनी जालान कॅलरॉक या गुंतवणूकदारांच्या जोडीचा कंपनी परत उभी करायचा प्लॅन पास केला, जून २०२१ मध्ये एनसीएलटीने शिक्का मारला, मे २०२२ मध्ये प्रूव्हिंग फ्लाईट झाल्या म्हणजे डीजीसीएचे अधिकारी बसवून खऱ्या फ्लाईटसारखं सगळं करून दाखवायचं असतं ते झालं आणि २० मे ला एओसी परत मिळालं. सीईओ होते, केबिन क्रू घेतले होते, पेपरात रोज बातमी. आणि एकही तिकीट विकून एकही प्रवासी उडाला नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी मोडून मालमत्ता विकायचा, आदेश दिला.

का झालं असं? भांडण पैशाचं होतं, आणि ते कुठे अडकलं ते बघ. पहिला हप्ता ३५० कोटींचा. त्यातले २०० कोटी आले, उरलेले १५० कोटी आधी दिलेल्या बँक गॅरंटीतून वळते करा म्हणून नवे मालक, म्हणजे जालान कॅलरॉक, म्हणत होते, बँका म्हणत होत्या गॅरंटी वेगळी आणि पैसे वेगळे. एनसीएलएटीने, म्हणजे एनसीएलटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणाने, नव्या मालकांच्या बाजूने दिलं, सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं, आलेले २०० कोटी जप्त आणि गॅरंटी पण वटवायला सांगितली. मधल्या काळात कामगारांच्या पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा मुद्दा आला, ती पूर्ण द्यावी लागेल असं एनसीएलएटीने सांगितलं आणि सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. प्लॅन करणाऱ्यांनी हा खर्च धरलाच नव्हता. म्हणून तुला सांगते, इंटरव्ह्यूमध्ये किती विमानं घेणार हे विचारू नकोस, ते सगळेच भरभरून सांगतात. विचार की बँकेत आज किती जमा आहेत, उरलेले कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीने येणार, आणि जुन्या देण्यांपैकी काय काय आपल्या डोक्यावर आहे. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

आता तुझ्या टेबलावरचा विषय, स्लॉट, म्हणजे विमानतळावर विमान उतरायची आणि सुटायची ठरवून दिलेली वेळ. इथे मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण माझं अर्धं आयुष्य यात गेलंय. तुला वाटतंय की जुन्या नावाबरोबर जुने स्लॉट येतील. नाही येत. जेट थांबल्यावर मुंबई दिल्लीचे तिचे स्लॉट बाकीच्या कंपन्यांना वाटले गेले, नंतर एनसीएलटीपुढे ते परत मागितले तेव्हा सरकारकडून स्पष्ट सांगण्यात आलं की जुन्या स्लॉटवर हक्क सांगता येणार नाही. आता याचा अर्थ रोजच्या कामात काय होतो ते सांगते. समज तुझ्याकडे एक विमान आहे, रात्री मुंबईत उभं. सकाळी सहा सव्वासहाला सुटलं तर आठ साडेआठला दिल्ली, पाऊण तास टर्नअराउंड म्हणजे परत निघायची तयारी, साडेअकराच्या आसपास परत मुंबई, मग गोवा करून परत, मग संध्याकाळी परत दिल्ली जेव्हा ऑफिसची मंडळी घरी निघतात, रात्री शेवटची फेरी. त्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या फेरीत जे लोक बसतात ते शेवटच्या दिवशी तिकीट काढतात आणि पूर्ण भाडं देतात, कंपनीचा पगार त्यांच्यावर निघतो. आता हेच विमान तुला सहाऐवजी दुपारी पावणेदोनला स्लॉट मिळाला म्हणून तेव्हा सुटतंय असं धर. सकाळभर ते उभं, लीज भाडं चालू, पार्किंग चालू, पायलटचा पगार चालू, आणि दुपारच्या विमानात महिनाभर आधी स्वस्तात तिकीट काढलेली कुटुंबं. विमान तेच, रंग तोच, नाव तेच, आणि एकात धंदा आहे तर दुसऱ्यात रोज तोटा. म्हणून एक्सेलवर सुंदर नेटवर्क काढून दाखवण्याआधी त्यांच्याकडे स्लॉट कन्फर्म झाल्याचं पत्र आहे का ते माग. नवी मुंबईचं विमानतळ झाल्यामुळे आता थोडी जागा आहे हे खरं, पण सकाळी सहाचं दिल्ली विमान पकडायला दादर अंधेरीचा माणूस तिकडे किती जाईल याचा हिशोब तुलाच करावा लागणार आहे.

एअर डेक्कनचं दुसरं पर्व तर आपल्या जळगाव नाशिकचंच. डिसेंबर २०१७ मध्ये छोटी शहरं विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेत ते नाव परत आलं, छोटी एकोणीस सीटवाली बीचक्राफ्ट विमानं, मुंबई जळगाव, मुंबई नाशिक, नाशिक पुणे. खानदेशातल्या लोकांना किती अप्रूप होतं! पण मुंबईत सोयीच्या वेळेचा स्लॉट मिळणं हीच अडचण होऊन बसली, फ्लाईट आज आहे उद्या नाही असं सुरू झालं आणि एकदा का माणूस तिकीट काढून ताटकळला की तो परत रेल्वेकडेच जातो. पुढे २०२० च्या कोरोनात ते सगळं थांबलं.

परदेशातलं पण थोडं सांगते. पॅन अॅम १९९१ ला बुडाली, तिचं नाव पुढे तेरा लाख डॉलरच्या आसपास विकलं गेलं, १९९६ ला त्या नावाने परत विमानं उडाली, १९९८ ला दिवाळं. इंग्लंडातली फ्लायबी २०२० च्या मार्चमध्ये बंद, नवीन मालकांनी एप्रिल २०२२ मध्ये बर्मिंगहॅमहून परत चालू केली, ठरलेली विमानं वेळेत आलीच नाहीत आणि जानेवारी २०२३ मध्ये परत कुलूप. चालली ती डेन्व्हरची फ्रंटियर, जुनी १९८६ ला गेली आणि १९९४ ला त्याच नावाने नवी आली ती आजही उडतेय. ती का चालली? कारण त्या सुमारास काँटिनेंटलने डेन्व्हरमधलं आपलं काम कमी केलं होतं, प्रवासी होते पण विमानं नव्हती, आणि जुन्या फ्रंटियरमधलीच अनुभवी माणसं ती चालू करायला बसली होती. नावाची मदत झाली असेल, पण आधी गरज होती आणि माणसं होती.

विमानांबद्दल एक. कोणी तुला म्हणालं की जुन्या कंपनीची उभी असलेली विमानं आपण दुरुस्त करून घेणार, तर त्यांच्या इंजिनियरिंगच्या माणसाबरोबर अर्धा तास बस. उभ्या विमानाचे भाग काढून नेलेले असतात हे एक, पण त्याहून मोठं म्हणजे कागद. इंजिनातल्या फिरणाऱ्या चकत्यांचं आयुष्य ठरलेलं असतं, इतकी सायकल, म्हणजे उडणं आणि उतरणं, झाली की काढायच्या, आणि त्या चकतीने पहिल्या दिवसापासून किती सायकल केल्या याचा सलग कागद लागतो. मधलं एक पान हरवलं तर ती चकती दिसायला नवीकोरी असली तरी भंगार. कंपनी बंद पडते तेव्हा लोक घाईघाईत निघून जातात, ऑफिसं रिकामी होतात, आणि पहिल्यांदा कागदच गहाळ होतात. भाड्याने विमानं आणायची म्हटलं तर गो फर्स्ट एअरलाईनच्या वेळी काय झालं ते लीजवाले विसरलेले नाहीत, २०२३ मध्ये त्यांची विमानं मॉरेटोरियममध्ये, म्हणजे दिवाळखोरीत वसुलीला लागणाऱ्या बंदीत, महिनोन्महिने अडकली. त्यानंतर कायदा त्यांच्या बाजूने बदलला, पण नव्या कंपनीकडून ते डिपॉझिट भरभक्कम मागणार हे धरून चाल.

आणि गिऱ्हाईक. तुझे नवे साहेब म्हणत असतील की जुने निष्ठावान प्रवासी आपल्याकडे तयारच आहेत. जेटचा मायलेजचा प्रोग्रॅम वेगळ्या कंपनीत होता, अबुधाबीच्या एतिहाद एअरलाईनचा त्यात मोठा हिस्सा, जेट थांबली त्याच वर्षी तो इंटरमाइल्स नावाने पुढे चालू राहिला. म्हणजे एअरलाईन घेणाऱ्याच्या हातात ती यादी आपोआप येत नाही. आणि त्या यादीत कोण आहे? ज्याच्या पोरीच्या लग्नाची तिकिटं बुडाली तो आहे, ज्या एजंटचे पैसे अडकले तो आहे. नाव ऐकल्यावर त्यांना आधी आपला रिफंड आठवणार. पहिल्या महिन्यात हे लोक फोन करतील तेव्हा कॉल सेंटरवरच्या मुलीने काय सांगायचं हे ठरलंय का, विचार.

आता जे मला सगळ्यात जवळचं आहे ते. जुनी माणसं. त्या नावाखाली वीस वीस वर्षं काम केलेले लोडर, इंजिनियर, चेक इनच्या बायका, सगळे इथेच आहेत, मरोळला, विरारला, डोंबिवलीला, पनवेलला. कोणी दुसऱ्या एअरलाईनमध्ये गेले, कोणी रिक्षा चालवली, कोणाचं घराचं कर्ज थकलं. तू त्या नावाचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरशील तेव्हा ते तुला भेटतील आणि विचारतील आमचं काय झालं रे. त्यांच्याशी कधीही तुटक बोलू नकोस, कायद्याने ते देणं आमच्याकडे येत नाही असलं वाक्य त्यांच्या तोंडावर टाकू नकोस, खरं असलं तरी. जमेल तिथे त्यांनाच कामावर घ्यायचा आग्रह धर, विमानं सुरू होण्याआधी शिफ्ट कशी लावायची हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? मला मनापासून वाटतं की असं एखादं नाव परत उडावं, खरंच वाटतं, पण ते त्या माणसांना बाहेर ठेवून उडालं तर मला त्यात काही आनंद नाही.

तुझ्या स्वतःच्या बाबतीत. जॉईनिंग बोनसवर भुलू नकोस, पगार पहिल्या कमर्शियल फ्लाईटनंतर पूर्ण होईल अशी जी ओळ चौथ्या पानावर आहे ती काढून घे, कारण ती फ्लाईट कधी होईल हे तुझ्या हातात नाही. तीन महिन्यांच्या नोटीस पीरियडचं बंधन फक्त तुझ्यावर आहे, तो दोन्हीकडून सारखा हवा. पीएफ पहिल्या महिन्यापासून भरला जातोय का हे दर महिन्याला अॅपवर बघायचं, कंटाळा करायचा नाही. आणि हातात सहा महिन्यांचा घरखर्च नसेल तर आईबाबांशी आधी बोल.

माझ्याकडे स्लॉटच्या सीझनचं कॅलेंडर आणि एक जुनी रोटेशन शीट आहे, ती पाठवते, तुझ्या कंपनीच्या प्रस्तावित फेऱ्या त्यात टाकून बघ. एचआरला आजच मेल टाक, तीन प्रश्न, पैसे किती जमा, एओसी कोणत्या टप्प्यावर, स्लॉटचं पत्र आहे का. तोंडी उत्तर नको, मेलवर हवं. आलं की मला फॉरवर्ड कर, मी रविवारी घरीच आहे, दुपारनंतर कधीही ये, बसून वाचू.

तुझी,
मॅडम