एकाच राज्याचे तीन अर्थसंकल्प समोर असतील तर तुलना कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या कॉलेजात राज्यशास्त्राचा प्रोजेक्ट आहे, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या २०२५-२७ च्या अर्थसंकल्पाचे गव्हर्नर, सिनेट आणि हाऊस (ही तिथल्या विधिमंडळाची दोन सभागृहं) असे तीन प्रस्ताव मिळाले, तिन्हींच्या बेरजा जवळपास सारख्या दिसतात, मग फरक शोधायचा कुठे?

उमेदीची सगळी वर्षं लेखा शाखेत गेली, आता गंगापूर रोडला निवांत असतो. अमेरिका पाहिलेली नाही, पण आकडे इथून तिथून सारखेच वागतात. तर पहिलं सांगणं, बेरीज शेवटी बघा. बेरजेनं मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय. नोकरीच्या सुरुवातीला एका योजनेचे दोन मसुदे साहेबांपुढे ठेवून मी छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, हा दुसरा मोठा आहे." साहेबांनी दोन्ही कागद उलटेपालटे करून एवढंच विचारलं, "केंद्रहिस्सा कुठंय?" एकात केंद्राचा हिस्सा धरलेला होता, दुसऱ्यात फक्त राज्याचा. योजना तीच, पैसाही तेवढाच.

तुमच्या कागदांतही हेच बघायचं. बातम्यांत येणारा सुमारे ७,८०० कोटी डॉलरचा आकडा मुख्यतः राज्याच्या स्वतःच्या निधीचा आहे. त्यात केंद्राचे आणि इतर निधी मिळवले की तो जवळजवळ दुप्पट होतो. एका प्रस्तावाचा पहिला आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा उचललात तर प्रोजेक्ट तिथंच आटोपला. शिवाय हा फक्त चालू खर्चाचा अर्थसंकल्प आहे. बांधकामाचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा. आपल्याकडे २२०२ या लेखाशीर्षात शिक्षणाचा महसुली खर्च पडतो आणि इमारती ४२०२ मध्ये जातात, तसंच समजा. एखादी बाब या वहीतून त्या वहीत सरकवली की इथं "बचत" दिसते.

मग तारखा बघा. तिथलं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अर्थसंकल्प दोन वर्षांचा असतो. गव्हर्नरचा प्रस्ताव डिसेंबरात आला, म्हणजे नोव्हेंबरच्या महसुली अंदाजावर. सिनेट आणि हाऊसचे प्रस्ताव मार्चअखेर आले, ते मार्चच्या नव्या अंदाजावर. भाव पडायच्या आधी मांडलेला कांद्याचा हिशेब आणि पडल्यावर मांडलेला, यांत शेतकरी तोच असतो. त्यात डिसेंबरचा प्रस्ताव मावळते गव्हर्नर जे इन्सली यांचा होता. जानेवारीत बॉब फर्ग्युसन आले आणि त्यांनी आपल्या कपाती वेगळ्या सुचवल्या. म्हणजे तुमच्या हातात खरं तर साडेतीन प्रस्ताव आहेत.

आता गाभ्याचं. "वाढ" किंवा "कपात" हा शब्द दिसला की विचारा, कशाच्या तुलनेत? समजा आज एका खात्यावर १०० रुपये खर्च होतात. पगारवाढ, महागाई, वाढलेले लाभार्थी धरून तेच काम पुढं चालू ठेवायला ११२ लागतील. प्रस्तावात १०८ दिले. एक पेपर लिहील ८ रुपयांची वाढ, दुसरा लिहील ४ रुपयांची कपात. दोघंही खोटं बोलत नाहीत. त्या ११२ ला तिथं वेगळं नाव आहे आणि कागदांत त्याचा वेगळा स्तर दाखवलेला असतो. नवे निर्णय त्याच्या खाली येतात. तुलना फक्त त्या नव्या निर्णयांची करा. तिन्ही बाजूंचं भांडण तिथंच असतं, बाकी नव्वद टक्के मजकूर सगळ्यांचा सारखाच.

आणि सुरुवातीची तारीख! दोन वर्षं जुलै २०२५ ते जून २०२७ अशी आहेत. महिना १ कोटी डॉलरचा कार्यक्रम जानेवारी २०२७ पासून सुरू केला तर या अर्थसंकल्पात फक्त ६ कोटी दिसतात. पुढच्या दोन वर्षांत २४ कोटी. चौपट, आणि कुणी एक पैसा वाढवलेला नाही. घरचंच उदाहरण घ्या. लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात आली, फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात तिचा मागमूस नव्हता. हप्ते जुलैपासून. म्हणजे २०२४-२५ मध्ये एका बहिणीचे नऊच हप्ते, १३,५०० रुपये. पूर्ण वर्षाचे १८,०००. पहिल्या वर्षाच्या आकड्यावरून योजनेचं वजन ठरवणारा फसणारच. वॉशिंग्टनमध्ये २०१२ च्या कायद्यानं चार वर्षांचा ताळमेळ दाखवावा लागतो, ते एक बरं आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा तक्ता आधी उघडा. गंगाजळीतून एकदाच काढलेली रक्कम आणि कायमचा खर्च यांची जोडी जमवलेली असेल तर ती तिथं उघडी पडते.

पैसा आणणार कुठून, हा रकाना विसरू नका. इन्सलींनी अतिश्रीमंतांच्या मालमत्तेवर कर सुचवला होता. दोन्ही सभागृहांनी शेअर-रोख्यांसारख्या मालमत्तेवरचा कर धरला. फर्ग्युसन एप्रिलच्या सुरुवातीला म्हणाले, अशा कराच्या भरवशावरच्या अर्थसंकल्पावर सही करणार नाही. त्यांनी स्वतः कर्मचाऱ्यांना महिन्याला एक बिनपगारी दिवस सुचवला होता. २० मे २०२५ ला सही झाली तेव्हा संपत्ती करही नव्हता आणि बिनपगारी दिवसही नव्हता. खर्चाच्या ओळी कितीही सुंदर असोत, जमेची बाजू कुणाच्या होकारावर टांगलेली आहे ते लिहा.

शिक्षणाच्या ओळीत तुम्हाला फारसा फरक दिसणार नाही, त्यात नवल नाही. शालेय शिक्षण हे त्या राज्याच्या घटनेनं सर्वोच्च कर्तव्य ठरवलंय, तिथं कात्री सहज चालत नाही. भांडण उरलेल्या भागात होतं.

आपल्याकडे असे तीन मसुदे का नसतात, हे परीक्षक नक्की विचारतील. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे अनुदानाची मागणी, म्हणजे खात्याच्या खर्चासाठी मागितलेली रक्कम, राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडताच येत नाही. म्हणजे व्यवहारात सरकारच मांडणार. विधानसभा ती नाकारू किंवा कमी करू शकते, वाढवू शकत नाही. विरोधकांच्या हातात उरते कपात सूचना. मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं आणि धोरण आवडलं नाही ते सांगायचं. मात्र महापालिकेत थोडी तिकडची चव मिळते. आयुक्तांचं अंदाजपत्रक, मग स्थायी समितीचं, मग महासभेचं. एकच वही तीन हातांतून जाते, आणि आकडा कमी होऊन बाहेर आल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मुदत कमी असेल तर सगळी खाती घेऊ नका. आरोग्याचं एक खातं घ्या, तिन्ही प्रस्तावांतले फक्त नवे निर्णय एका कागदावर उतरवा, प्रत्येकापुढं सुरू होण्याचा महिना आणि चौथ्या वर्षाचा खर्च लिहा. दोन संध्याकाळचं काम आहे. तक्ता झाला की इथंच टाका, केंद्रहिस्सा कुठं लपलाय ते बघतो.