जॅक-अप रिग: ‘तरंगता मंच’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: ‘तेलविहिरींवरच्या एका अहवालाचे मराठीकरण चालू आहे. जॅक-अप रिगसाठी “तरंगता वेधनमंच” चालेल का? आणि “जॅक-अप करणे” याला “उत्थापन करणे” सोडून काही बरे क्रियापद आहे का?’

पहिल्याचे उत्तर: नाही, चालणार नाही. जॅक-अप रिग म्हणजे समुद्रात लांब पायांवर उभा राहून तेलविहीर खणणारा मंच (‘वेधन’ म्हणजे हेच खणणे). एक रुपयाची नोट हाताशी असेल तर उलटून पाहा. मागे ‘सागर सम्राट’चे चित्र आहे, २०१५ साली नोट पुन्हा छापली तेव्हाही ते कायम ठेवले. जपानमध्ये हिरोशिमाला मित्सुबिशीने बांधलेली ही जॅक-अप रिग. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हाय या तेलक्षेत्रातल्या पहिल्या विहिरीचे काम १९७४ साली तिनेच केले. विहीर खणताना ती तरंगत नव्हती, समुद्राच्या तळावर पाय देऊन उभी होती. तरंगतच काम करतात ते ड्रिलशिप, म्हणजे विहीर खणणारे जहाज, आणि अर्धबुडीत रिग. ‘तरंगता’ हे विशेषण त्यांच्यासाठी राखून ठेवा, नाहीतर अहवालात दोन वेगळ्या जातींची यंत्रे एकाच नावाखाली येतील. बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मोठी नौका, आणखी निराळा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात बुडालेला पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज होता. तो नांगरांवर तरंगत होता, त्याला पाय नव्हते. काही बातम्यांत त्याला ‘तराफा’ म्हटले गेले. तेही मला पटत नाही, कारण तराफा म्हटले की ओंडके आणि दोरखंड डोळ्यांपुढे येतात.

गोंधळ होतो तो जॅक-अप रिग जागेवर येते तरंगतच म्हणून. तिचा हल, म्हणजे पोकळ सपाट बुडाचा भाग, साधारण ६० ते ७५ मीटर लांब असतो. त्यातून आरपार गेलेले जाळीदार पाय असतात, बहुधा तीन. टगबोटी ओढून नेत असतात तेव्हा हे पाय वर आभाळात उभे असतात. ९०–१०० मीटर पाण्यात काम करणाऱ्या रिगचे पाय १२० मीटरच्याही पुढे जातात, त्यामुळे वाटेत ती डोक्याने जड असते आणि हवामान पाहूनच हलवावी लागते. मुंबईच्या समुद्रात पावसाळ्यात रिग सहसा हलवत नाहीत, ते यामुळेच.

आता क्रियापद. ‘जॅक’ म्हटले की आपल्याला गाडीखाली लावलेला जॅक दिसतो: जॅक जमिनीवर, ओझे वर. इथे उलटे आहे. जॅक ओझ्यातच बसवलेला असतो आणि ओझ्याबरोबर वर जातो. पायांच्या कोपऱ्यांवर उभी दातेरी पट्टी असते, तिला सगळे ‘रॅक’च म्हणतात. हलमध्ये मोटरवर फिरणारी पिनियनची दातेरी चाके त्या दात्यांत गुंतलेली असतात. पाय तळाला टेकले की तीच चाके हलला पायांवरून वर चढवतात, मिनिटाला अर्ध्या मीटरच्या आतबाहेर अशा गतीने. पाडेली माडावर चढतो तेव्हा माड जागेवरच असतो, वर जातो तो पाडेली. हलचेही तसेच. म्हणून कर्ता हल असेल तर ‘चढणे’ आणि रिग असेल तर ‘उचलून घेणे’ ही साधी क्रियापदे पुरतात. ‘रिग स्वतःला उचलून घेते’ हे वाक्य कोणालाही कळेल. ‘उत्थापन’ म्हटले की कोणीतरी बाहेरून उचलल्यासारखे वाटते, आणि ते इथे चूक आहे. विजेच्या मोटरवर चालणारे रॅक-पिनियन आणि तीन स्वतंत्र जाळीदार पाय ही रचना आर. जी. लटूर्नो या अमेरिकी अभियंत्याच्या ‘स्कॉर्पियन’ रिगवर १९५६ साली कामाला लागली, आणि आजही मूळ कल्पना तीच आहे.

पण खरी मौज पुढे आहे. पायांचे जे चार प्रसंग येतात, त्यांतल्या प्रत्येकाला मराठीत वेगळे क्रियापद तयार आहे: टेकणे, रोवणे, रुतणे, खचणे. अनुवादात यांची अदलाबदल झाली तर अर्थ उलटतो.

प्रत्येक पायाच्या टोकाला स्पडकॅन असतो, उथळ शंकूचे दोन भाग तोंडाला तोंड लावल्यासारखा, दहा-पंधरा मीटर व्यासाचा. मी त्याला ‘तळवा’ म्हणेन. पाय खाली सोडत आणले आणि तळवा तळाला लागला की पाय ‘टेकला’. रिगचे वजन अजून पाण्यावरच आहे. मग हल पाण्याच्या जेमतेम वर, दीड मीटरच्या आत, उचलतात आणि तिथेच थांबवून टाक्यांत हजारो टन समुद्राचे पाणी भरतात. यालाच प्रीलोड म्हणतात. कारण असे की पुढे वादळात वारा आणि लाटा रिगला ढकलतील तेव्हा वाऱ्याच्या पलीकडच्या पायावर भार वाढेल. तो भार आधीच घालून माती तो झेलते का हे पाहायचे. पाय खाली जायचे थांबले की काही तास तसेच ठेवतात, मग पाणी सोडून देतात, आणि त्यानंतरच हल कामाच्या उंचीवर, मोठ्या लाटेचा माथा खालून जाईल इतका वर नेतात. चार पायांची रिग असेल तर पाणी न भरताही जमते: तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पायांवर आळीपाळीने भार टाकतात.

हे सगळे म्हणजे ‘पाय रोवणे’. मांडवाची मेढ रोवताना आपण ती नुसती खड्ड्यात उभी करत नाही, दाबून आणि हलवून पाहतो, मग सोडतो. प्रीलोडला ‘पूर्वभार’ हा शब्द तांत्रिक कोष्टकात ठीक आहे, पण वाक्यात ‘भार घालून पाय रोवले’ असे लिहा. वाचकाला कृतीही कळते आणि कारणही.

‘रुतणे’ म्हणजे मऊ मातीत हळूहळू आत जाणे. रोवणे हेतूने होते, रुतणे मातीच्या स्वभावाने. मऊ चिकणमातीत तळवा बराच खोल जातो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, फक्त तेवढ्या लांबीचे पाय हवेत.

‘खचणे’ मात्र अपघात आहे, ज्याला रिगवर पंच-थ्रू म्हणतात. वर घट्ट थर, खाली मऊ माती अशा तळावर हे घडते. आटलेल्या तळ्याच्या काठी वाळलेल्या पापुद्र्यावर पाय ठेवा: आधी तो धरतो, जरा जोर दिला की एकदम फुटतो आणि पाय घोट्यापर्यंत गाळात. रिगचा एक पाय असा काही सेकंदांत कित्येक मीटर खाली जाऊ शकतो. हल तिरका होतो, पिनियन तितक्या वेगाने सावरू शकत नाहीत आणि बाकीचे दोन पाय वाकतात. म्हणून अशा जागी हल पाण्यातच ठेवून, एकेका पायावर भार घालतात. पाय खचलाच तर पाण्याची उचल हलला झेलते. अहवालात अशा घटनेला ‘पाय रुतला’ लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की काहीच बिघडले नाही.

काम संपल्यावरचा शब्दही पाहून ठेवा. हल खाली आणून नेहमीपेक्षा थोडा जास्त पाण्यात दाबतात. पाणी त्याला वर ढकलते आणि त्या जोरावर पाय निघतात. निघत नसतील तर तळव्याखाली जोराचे पाणी सोडतात. लावणीच्या चिखलातून पाय काढताना आपण टाच तिरपी करून खाली हवा जाऊ देतो, कारण सरळ ओढले तर चिखल चोखून धरतो. इथेही अडचण त्या चोखण्याचीच असते. त्यामुळे ‘पाय उपटणे’ नको, ‘पाय सोडवणे’ लिहा.

रिग गेल्यावर तळाशी जे उरते त्याला इंग्रजीत पाऊलखूण अशा अर्थाचा शब्द आहे, पण तो जसाच्या तसा घेऊ नका. मराठीत पाऊलखूण हळवी आहे आणि इथे असतो तो मोठा खड्डा. पुढची रिग त्याच विहिरींजवळ आली आणि तिचा तळवा त्याच्या उतरत्या काठावर टेकला, तर तो खड्ड्याकडे घसरतो आणि पाय वाकतो. नकाशावर आणि मजकुरात ‘जुना खड्डा’ असेच असू द्या.

नाव ‘जॅक-अप रिग’च ठेवा, कामावरचे सगळे तेच म्हणतात. पहिल्या उल्लेखाला फक्त एवढे जोडा: ‘समुद्रतळावर पाय रोवून स्वतःला पाण्याबाहेर उचलून घेणारी रिग’.