ब्लुई, बिंगो आणि दमलेले आईबाबा : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ब्लुईचा एका ओळीत उल्लेख काय केला, पत्रांचा ढीगच आला, म्हणून यावेळी अख्खा कॉलम तिलाच देतेय. ज्यांच्या घरात अजून ती पोचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये बनणारी ही कार्टून मालिका, १ ऑक्टोबर २०१८ ला तिकडच्या एबीसी किड्स या लहान मुलांच्या वाहिनीवर सुरू झाली. हीलर आडनावाचं कुत्र्यांचं चौकोनी कुटुंब, बाबा बँडिट, आई चिली, मोठी ब्लुई आणि धाकटी बिंगो, बस्स एवढंच.

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याला सतत ब्लुई लागते. आमच्या घरात सगळे "तो निळा कुत्रा" म्हणतात आणि मुलगा चिडतो. तो की ती? आणि दिवसात किती वेळ बघू द्यायचं?

ती! मुलाचं बरोबर आहे, त्याला चिडू द्या. ब्लुई मुलगी आहे, सुरुवातीला सहा वर्षांची, बिंगो चार वर्षांची. रंगाचं म्हणाल तर बाबा निळा हीलर, त्याच्यावर ब्लुई गेलीये, आणि आई लालसर, तिच्यावर बिंगो. हे हीलर म्हणजे तिकडचे गुरं वळणारे कुत्रे, दिवसभर पळूनही न दमणारे, त्यामुळे या दोघींच्या अंगात एवढी रग कुठून येते ते वेगळं सांगायला नको.

वेळेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघणं दिवसाला एक तासाच्या वर नको, आणि कमी असेल तेवढं बरं. ब्लुईचा एक भाग साधारण सात मिनिटांचा. मी म्हणेन दोन भाग लावा, पण एकदा तरी शेजारी बसून बघा, कारण ही मालिका संपल्यावर मुलं तेच खेळायला मागतात आणि आपण बघितलंच नसेल तर आपल्याला कळतच नाही की हा आपल्याला अचानक पुतळा व्हायला का सांगतोय.

प्रश्न : ताई, मी दोन मुलींचा बाप आहे. घरी येईपर्यंत पार गळून गेलेलो असतो. मुली म्हणतात बँडिटसारखा खेळ ना, बायकोपण म्हणते बघ जरा त्याच्याकडे. खरं सांगतो, ती मालिका लागली की मला अपराधी वाटायला लागतं. असा बाबा खरंच असतो का?

दादा, अशी पत्रं खूप आलीत आणि निम्मी तर आयांची आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे आपल्याला बँडिटच्या दिवसातली सातच मिनिटं दिसतात. तो पुरातत्त्वाचं काम करतो, चिली विमानतळावर सिक्युरिटीत आहे, दोघांचं ऑफिस, दोघांचा थकवा हे सगळं पडद्यामागे असतंच, आणि बरेचदा ते पुढेही येतं. शीपडॉग नावाच्या भागात चिली सरळ सांगते की मला वीस मिनिटं हवीत, कुणी जवळ येऊ नका. कुणावर ओरडत नाही, कारण देत बसत नाही. मुलींना वाटतं आईचं काहीतरी बिनसलंय, पण तिला फक्त थोडं एकटं राहायचं असतं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण आपण हे वाक्य मुलांसमोर बोलायलाच घाबरतो. व्हेल वॉचिंगमध्ये तर आदल्या रात्री पार्टी झालेली आणि दोघं आईबाप कोचावर नुसते पडून, मुली मात्र त्यांची बोट करून खेळतायत.

आता नीट बघा बँडिट खेळतो कसा. नियम मुली ठरवतात, तो फक्त ऐकतो, आणि एकदा हो म्हणाला की मधेच फोन काढत नाही. एवढंच करायचंय. उड्या मारायलाच पाहिजेत असं कुठे आहे? पहिल्याच भागात जादूचा झायलोफोन वाजला की बाबाने जागच्या जागी थिजायचं, म्हणजे चक्क उभं राहायचं. हॉस्पिटलच्या भागात तो पेशंट आहे, आडवा पडलेला, ब्लुई डॉक्टर, बिंगो नर्स आणि म्हणे त्याच्या पोटात मांजर आहे. तुम्ही घरी आल्यावर पेशंट व्हा ना, कपडे बदलून सरळ सतरंजीवर आडवे व्हा, मुली तुमचं ऑपरेशन करतील, पट्ट्या बांधतील, तुमची पाठ टेकेल आणि मुलींना बाबा मिळेल. नाहीतर एक फुगा आणा, तो जमिनीला टेकू द्यायचा नाही, झाला खेळ, एक अख्खा भाग त्याच्यावरच आहे.

आणि बायकोसोबत बेबी रेस नक्की बघा. त्यात चिली सांगते की ब्लुई लहान असताना इतर बाळांच्या मागे पडतेय या काळजीने ती कशी खचली होती, मग नऊ पोरांची आई असलेली एक मैत्रीण घरी येऊन तिला एवढंच सांगते की तुझं छान चाललंय. माझ्या मते तुम्ही दोघांनी एकमेकांना हे शेवटचं कधी सांगितलं ते आठवून बघा, बँडिट राहू दे बाजूला.

प्रश्न : पक्षी मरतो तो भाग माझ्या पाच वर्षांच्या मुलीने बघितला आणि आता रोज बाहुलीला "मेली" म्हणून झोपवते. काळजी करू का? तो भाग बंद करू?

बंद करू नका. त्या भागाचं नाव कॉपीकॅट. ब्लुई आणि बाबाला जखमी बजरीगर सापडतो, ते त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेतात आणि तो वाचत नाही. घरी आल्यावर ब्लुई नेमकं तेच खेळायला घेते, स्वतः बाबा होते, आईला ब्लुई करते, बिंगोला पक्षी. आई बिचारी खेळाचा शेवट गोड करायला बघते, पण ब्लुईला तो खरा घडला तसाच हवा असतो. तुमची मुलगी अगदी हेच करतेय. मोठी माणसं बोलून मोकळी होतात, मुलं खेळून होतात. बाहुलीला जबरदस्तीने जिवंत करू नका, शेजारी बसा, विचारलं तर खरं सांगा की मेलेलं परत येत नाही, "झोपलीये" असं म्हणू नका, नाहीतर मुलं झोपायलाच घाबरतात. खेळता खेळता हे आपोआप मागे पडतं. मात्र तिचं खाणं-झोप बिघडली, सतत भेदरलेली दिसली तर मुलांच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : मी आजोबा आहे. नातवाबरोबर क्रिकेटचा भाग बघितला आणि डोळ्यात पाणी आलं. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये असं काय आहे?

आजोबा, तो भाग बघून न रडलेलं माणूस मला अजून भेटायचंय. रस्टी नावाचं पिल्लू, त्याला कुठलाही बाबा आउट करू शकत नाही, आणि आपल्याला कळतं की तो हे मोठ्या भावांबरोबर मार खात, पडत, अंगणात शिकलाय. वडील सैन्यात दूर. वेगवान चेंडूची भीती बसल्यावर वडिलांचं पत्र येतं, त्याचा सारांश असा की पुढे याहून कठीण गोष्टी येणार आहेत, मागे सरून आउट व्हायचं की पाय पुढे टाकून पुल मारायचा ते तूच ठरव. आणि एवढा खेळाडू शेवटी काय करतो, तर धाकट्या बहिणीला झेल देतो, मुद्दाम! सगळे त्याने मारावं म्हणून वाट बघत असताना. तो शॉट हळू उडतो ना, तिथेच घसा दाटतो. नातवाला विचारून बघा त्याने असं का केलं, मुलांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

असंच रडायचं असेल तर स्लीपीटाइम बघा, त्यात बिंगो स्वप्नात ग्रहांमधून तरंगते आणि मागे होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची ज्युपिटर (गुरू ग्रह) ही रचना वाजते. हेडफोन लावून बघा.

प्रश्न : नवीन भाग कधी?

तीन सीझन मिळून १५४ भाग झालेत, त्यातला द साइन हा २८ मिनिटांचा मोठा भाग एप्रिल २०२४ मध्ये आला. मालिकेचा कर्ता जो ब्रम आता सिनेमावर काम करतोय, तो ऑगस्ट २०२७ मध्ये थिएटरात येईल असं जाहीर झालंय. तोवर जुने भाग लावा आणि मुलांना सांगा की प्रत्येक भागात कुठेतरी एक लांबुळका कुत्रा लपवलेला असतो, कधी कपाटावर, कधी चित्रात, तो शोधा. मोठ्यांनीही शोधा, पटकन सापडत नाही.