जॉइंट रिटर्न आहे, बायको भारतात आहे. फॉर्म ८८७९ वर तिची सही मीच केली तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डॅलसला, बायको बाळंतपणासाठी जानेवारीपासून पुण्याला माहेरी. तुमच्या दोघांच्या एकत्रित (जॉइंट) अमेरिकी टॅक्स रिटर्नसाठी टॅक्सवाल्याने दोघांच्या सह्या घ्यायला फॉर्म ८८७९ पाठवलाय आणि सह्या आल्याशिवाय रिटर्न पाठवणार नाही म्हणतोय. वर तुमचं म्हणणं, 'भारतात आमचे सीए फोनवर ओटीपी विचारून पाच मिनिटांत उरकायचे.'

नाही चालणार. आणि तो माणूस तुम्हाला उगाच छळत नाहीये. मी न्यू जर्सीत एनरोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसने (इथल्या कर खात्याने) परवाना दिलेली कर सल्लागार आहे, अकरा वर्षं लोकांची रिटर्न्स भरते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात 'अहो, तुम्हीच टाका ना सही, आम्ही कुठे नाही म्हणतोय' हे मला रोज एकदा तरी ऐकावं लागतं.

गोंधळ होतो तो भारतातल्या सवयीमुळे. तिकडे रिटर्न आधी अपलोड होतं आणि मग ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने ते व्हेरिफाय करायचं, नाहीतर सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नची पोचपावती) बंगळुरूला पोस्टाने धाडायचा. इथे क्रम उलटा आहे. सही म्हणजे पाच आकडी पिन, आणि तो रिटर्नच्या आतच बसून आयआरएसकडे जातो. तो पिन तुमच्या वतीने घालायची परवानगी म्हणजे ८८७९. नवराबायकोचे पिन वेगळे, परवानग्या वेगळ्या. हा कागद आयआरएसला पाठवायचा नसतो, तो आमच्याच दप्तरी किमान तीन वर्षं राहतो. त्यामुळे लोकांना वाटतं की कोण बघतंय. पण तपासायला माणूस आला की तो हाच कागद मागतो, आणि तो नसेल किंवा त्यावरची तारीख रिटर्न पाठवल्यानंतरची असेल तर आमचं ई-फाइल करणंच बंद होऊ शकतं. म्हणजे दुकानाला कुलूप.

सही करण्याआधी फॉर्मचा पहिला भाग नीट बघा. पाचच ओळी आहेत: समायोजित एकूण उत्पन्न, एकूण कर, पगारातून कापलेला कर, परतावा, देणं. हे पाच आकडे रिटर्नमधल्या आकड्यांशी जुळवून बघायला दोन मिनिटं पुरतात, तरी दहातले नऊ जण बघत नाहीत. देणं असेल आणि ते बँकेतून परस्पर वळतं व्हायचं असेल, तर त्याचीही संमती याच सहीत येते. कुणी जानेवारीतच कोरा ८८७९ पुढे करून 'सही करून ठेवा, नंतर बघू' म्हणालं तर तिथून उठा. रिटर्न पूर्ण तयार होऊन तुम्ही ते पाहिल्यावरच ही सही करायची असते.

माझी एक फजिती सांगते. दुसऱ्याच वर्षी एका जोडप्याच्या सह्या घेऊन झाल्या आणि संध्याकाळी त्यांना एका बँकेचा १०० डॉलर व्याजाचा कागद सापडला. मी आकडा घातला, परतावा २२ डॉलरने घटला, आणि मी जुन्याच सहीवर रिटर्न पाठवायला निघाले. आमच्या सीनियर बाईंनी माझा हात माउसवरून अक्षरशः उचलला. उत्पन्नात ५० डॉलरपेक्षा किंवा कर, कापलेला कर, परतावा वा देणं यांत १४ डॉलरपेक्षा जास्त फरक पडला की नव्याने सही घ्यावी लागते. हा चौदाचा आकडा कुणी कुठून काढला, देव जाणे. पण तेव्हापासून तो माझ्या डोक्यात पक्का बसलाय.

आता तुमच्या बायकोचं. तुमचा टॅक्सवाला ऑनलाइन सहीची लिंक पाठवेल, पण ती बहुतेक अडकेल. सही घेताना समोर माणूस नसेल तर सॉफ्टवेअर ओळख पटवायला जुने पत्ते, कर्ज असले प्रश्न विचारतं आणि ते क्रेडिटच्या नोंदींमधून येतात. एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून) असलेल्या, सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी आयटीआयएन हा करापुरता नंबर असलेल्या आणि स्वतःच्या नावावर साधं क्रेडिट कार्डही नसलेल्या बाईबद्दल त्या नोंदींत असणार काय? तीन प्रयत्न फसले की पेनानेच सही करावी लागते. म्हणून सरळ पेनानेच करा. पुण्यात कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायची, सही आणि तारीख टाकायची, फोनने स्कॅन करून टॅक्सवाल्याच्या पोर्टलवर चढवायची. मूळ कागद कुरियर करायची गरज नाही. फक्त व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर टाकू नका, त्यावर दोघांचे हे टॅक्सचे नंबर असतात. (हसू नका, मला एकदा 'काका-काकू न्यू जर्सी' या ग्रुपवरून फॉरवर्ड होऊन आलाय.)

मुखत्यारपत्राचा मार्गही आहे, फॉर्म २८४८. मुदतीआधी सलग ६० दिवस देशाबाहेर असलेल्या माणसाच्या वतीने दुसऱ्याला त्याच्या आधारे रिटर्नवर सही करता येते, आणि तुमची बायको त्यात बसते. पण त्या २८४८ वर तिची सही लागतेच! मग ८८७९ वरच घेतलेली काय वाईट?

बाळंतपणाच्या गडबडीत १५ एप्रिलच्या आत हे जमलंच नाही, तर मुदतवाढ घ्या, फॉर्म ४८६८. त्याला सही लागत नाही. आयआरएसच्या साइटवर 'एक्स्टेन्शन' निवडून अंदाजाने पैसे भरलेत तर तो फॉर्मही वेगळा भरावा लागत नाही. रिटर्नला १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो. पैसे भरायला मात्र मिळत नाही, त्यामुळे देणं निघत असेल तर ते एप्रिलमध्येच भरा.

एप्रिलमध्ये तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे आठ झालेले असतात. आज रात्रीच फोन करा आणि सासऱ्यांना प्रिंट आणायला पाठवा, म्हणजे तिला घराबाहेर पडायला नको.