घरामागचं आंब्याचं झाड वादळात पडलं. त्याच्या लाकडाची गिटार होईल का?

होईल. हवाईत आंब्याच्या लाकडाची युकुलेली (गिटारसारखी छोटी, चार तारांची वाद्यं) सर्रास बनतात. गिटारची पाठ आणि बाजूही छान होतात. समोरच्या पाटीला मात्र मी स्प्रूसच (थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाचं हलकं लाकूड) घेईन.

घाई करायची ती सुरुवातीलाच. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना आजच जुना ऑइलपेंट किंवा मेण फासा. टोकांतून पाणी भराभर उडतं आणि चिरा तिथूनच आत शिरतात. मातीवर ठेवू नका, आंब्याला कीड-बुरशी लगेच लागते. (बुरशीच्या काळ्या रेघा दिसायला झकास, पण लाकूड नखाने दबत असेल तर सरळ चुलीत.) फांद्या सोडा, आडव्या वाढल्यामुळे त्यांच्यात ताण असतो, फळी वेडीवाकडी होते.

सॉ मिलवाल्याला सांगा, फळीच्या टोकाकडून पाहिलं की वाढीच्या रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. पाठीच्या प्रत्येक अर्ध्याला साधारण ८ बाय २२ इंच लागतात, बाजूंना ५ बाय ३२. इंचभर जाडीच्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत वर्षभर तरी वाळू द्या. पाठ शेवटी जेमतेम ३ मिलिमीटरची उरते.

आणि महाराष्ट्रात असाल तर लाकूड हलवण्याआधी वनखात्यात परवान्याचं विचारून घ्या.